ओमागारीची हरवलेली टेप

१

"मावशी, सेइगो गेला!"

तामाकीची हाक स्टेजवरून थेट स्वयंपाकघरात आली आणि इसोएच्या हातातला डाव भोपळ्याच्या करीत बुडाला. सेइगो तर गेल्या हिवाळ्यातच गेला होता. तरी तामाकी काय म्हणते आहे ते इसोएला कळलं. गॅस बंद करून, हात पुसत ती बाहेर आली.

स्टेजच्या उजव्या कडेला, पडद्याआड, जुनं टेपयंत्र आपल्या जागी होतं. शेजारी माईकचा रिकामा स्टँड होता. यंत्रातून निघून, त्या स्टँडला वळसा घालून परत यंत्रात शिरणारी तपकिरी पट्टी मात्र नव्हती. दोन्ही टोकं जोडलेली ती टेप जपमाळेसारखी होती. तिला आरंभ नव्हता नि शेवटही नव्हता. एकदा सुरू केली की सेइगोचा एक श्वास ऐकू यायचा, मग त्याच्या ट्रॉम्बोनची एक ओळ, मग पुन्हा तोच श्वास.

"दुपारी मी स्वतः लावली होती," तामाकी म्हणाली. गळ्यात बेस गिटार तशीच लटकत होती. "दुसरी प्रत नाही. मुद्दामच काढली नव्हती. प्रत काढली की माणसाची वस्तू होते."

ओमागारी म्हणजे वाकडी शेपटी. नागासाकीच्या चढांवरच्या मांजरांची असते तशी. स्काची उडी, डबचा घुमारा, फंकचा ठेका आणि पंकची आरडाओरड, ही सगळी संगीतं एकाच पातेल्यात ढवळणारा हा बँड इसोएच्या तळघरातच जन्मला होता. बँडचे कार्यक्रम होणाऱ्या या तळघराचं नाव गोगलगाय. सेइगो होता तेव्हा ते चौघे होते. तो गेल्यावर गिटारवाला शुन्साकुही एक शब्द न बोलता निघून गेला. शुन्साकुच्या जागी तामाकीने कुणाला घेतलं नाही. स्कामध्ये ठोक्यांच्या मधल्या पोकळीत गिटारने जो चट्-चट् तोडा द्यायचा, तो आता ऐकायला येणारे लोकच टाळ्यांनी भरून काढत.

"हे रोकुरोचंच काम," तामाकी म्हणाली. "आज या महाराजांच्या सोयीसाठी आपण सगळं उलटंपालटं केलं, नि तेवढ्यात डाव साधला."

उलटंपालटं केलं होतं ते खरंच. अशा तळघरांत तालीम नेहमी उलटी होते. कार्यक्रमात शेवटी वाजवणाऱ्यांनी ती आधी उरकायची आणि सुरुवात करणाऱ्यांनी मागून, म्हणजे दारं उघडताना स्टेज त्यांच्यासाठी मांडलेलंच राहतं. पण ड्रम वाजवणारा रोकुरो देवळातला, पुजाऱ्याचा मुलगा. ओबोनच्या दिवसांत पितर घरी येतात आणि पुजाऱ्यांना घरोघर मंत्र म्हणत फिरावं लागतं. तो यायला उशीर होणार होता. म्हणून इसोएने सकाळीच ठरवलं, आज सुलटी तालीम. आधी सुरुवात करणाऱ्या नात्सुमिकान बँडच्या कॉलेजातल्या पोरी, मग ओमागारी. पोरी वाजवत असताना तामाकी मागे आवाजाच्या टेबलाशी होती आणि इसोए करीपाशी. पोरी उतरल्या, तामाकीने बेस गळ्यात अडकवली, यंत्राचं बटण दाबलं, आणि काहीच वाजलं नाही.

"पोलिसांना सांगू या?" इसोएने हळूच विचारलं.

"काय सांगणार? मेलेल्याचा श्वास चोरीला गेला म्हणून?" तामाकीने बेस खाली ठेवली. "दारं उघडायच्या आत टेप आली नाही तर ओमागारी आज संपली. ज्याने ती नेली त्याच्या ठेक्यावर मी नाही गाणार."

इसोएने यंत्राकडे पुन्हा पाहिलं. ओबोनचे तीन दिवस तिचं एक व्रत असे. मासळी नाही, आणि कुणाला दोष देणारा शब्द तोंडातून काढायचा नाही. घरी आलेल्या पितरांनी आपल्या तोंडून चांगलंच ऐकावं, एवढंच त्यामागे. आता दोष न देता चोर शोधायचा होता.

स्टँड जरासा आत सरकवून टेपचा ताण आधी सैल केलेला होता. यंत्राचं झाकण पुन्हा नीट लावलेलं होतं. फुलदाणीतलं फूल उचलावं, पण पाणी सांडू देऊ नये, तशी कुणीतरी टेप उचलली होती.

ज्याने नेली त्याचा या टेपवर जीव आहे, इसोएच्या मनात आलं. आणि तिला भीतीच वाटली. कारण सेइगोवर जीव नसलेलं इथे कुणी नव्हतंच.

२

रोकुरो मागच्या दाराने आला. अंगात पुजाऱ्याचा काळा झिरझिरीत झगा, डोकं तुळतुळीत, आणि झग्याच्या बाहीत ड्रमच्या काठ्या. त्याच्याबरोबर उदबत्तीचा दाट वासही जिना उतरून आला.

"या महाराज," तामाकी म्हणाली. "कुठे लपवलंत?"

"काय?"

"पुण्य."

इसोएने त्याला थंड बार्लीचा चहा दिला आणि काय झालं ते सांगितलं. रोकुरोने पेल्यातला अर्धा चहा संपवला.

"मीच बोललो होतो ना मागच्या आठवड्यात," तो म्हणाला. "की ओबोनमध्ये मेलेल्या माणसाला यंत्रात गरगर फिरवत ठेवणं बरं नव्हे. अजूनही म्हणतो. पण जे तोंडावर बोललो ते पाठीमागे कशाला करू? चोरायची असती तर गप्प नसतो का बसलो?"

"पुजारी सगळे असंच गोड बोलतात," तामाकी फणकारली.

"आणि हा वास बघ की. मी नुसता जिन्यात उभा राहिलो तरी तुझ्या नाकाला कळतं. पडद्यामागे गेलो असतो तर उद्यापर्यंत देवळासारखा वास आला असता तिथे."

इसोएने पडद्याला नाक लावून पाहिलं. धुळीचा वास, जुन्या सिगारेटींचा वास. उदबत्तीचा नव्हता. रोकुरोचा पेला तिने पुन्हा भरला. तिचा निवाडा रोकुरोला समजला असावा, कारण तो जरा हसला.

चिगुसा कपडे बदलायच्या खोलीत ट्रॉम्बोन मांडीवर घेऊन बसली होती. सेइगोच्या जागी आलेली ही मुलगी मोजकंच बोलायची, नि बोलली की खरं बोलायची.

"मला ती टेप आवडत नाही, मावशी," इसोएने विचारायच्या आधीच ती म्हणाली. "मी घाम गाळून वाजवते, आणि लोक रडतात ते यंत्राकडे बघून. कधी कधी वाटतं, तुटावी एकदाची."

"मग?"

"मग काय? आज ती नाही, तर आज मी वाईट वाजवलं की लोक म्हणणार, बघा, तो नसला की ही अशी. मला ती हवी होती. तिच्यासमोर उभं राहून एकदा तरी बरं वाजवायचं होतं मला." चिगुसाने ट्रॉम्बोनची नळी पुढे सरकवली, मागे घेतली. "आणि ती ओळ पुरीसुद्धा होत नाही. दर वेळी वाटतं, आता खाली उतरेल, आता टेकेल. तेवढ्यात पुन्हा श्वास. जिना चढून दाराशी आल्यावर कुणीतरी परत खाली नेऊन ठेवावं तसं होतं."

इसोए खोलीतून बाहेर आली. बाहेर टळटळीत ऊन असूनही तळघरात समुद्राच्या तळासारखा निळसर काळोख होता. दूर बंदरात एका जहाजाने भोंगा दिला. तो भोंगा भिंतींतून झिरपत, विरत, आपलाच प्रतिध्वनी होत खाली आला. त्या आवाजात इसोए थोडा वेळ नुसती उभी राहिली. एखाद्या स्वप्नात घरातल्या सगळ्या वस्तू जागच्या जागी असाव्यात, तरी घर परकं वाटावं, तसं तिला वाटलं.

तेव्हा तिला काउंटरवरचं खोकं दिसलं.

बिवाच्या फळांच्या जेलीचं खोकं. सकाळी नव्हतं. तामाकीने आणलं नव्हतं, पोरींनी आणलं नव्हतं. रोकुरोने नुसत्या मानेने नाही म्हटलं. इसोएने ते उचललं आणि तिची बोटं थबकली.

खोकं दोरीने बांधलेलं नव्हतं. गिटारच्या जुन्या तारेने बांधलेलं होतं. भेटवस्तू अशी बांधणारा माणूस सबंध नागासाकीत तिला एकच ठाऊक होता.

३

कबरस्तानाच्या खालच्या मोकळ्या जागेत सेइगोची नाव बांधून होत आली होती. घरात मृत्यू झाला की त्यानंतरच्या पहिल्या ओबोनमध्ये नाव बांधायची. शेवटच्या संध्याकाळी फटाक्यांच्या धुमधडाक्यात ती रस्त्यावरून ओढत बंदराकडे न्यायची. माणूस परत जायला निघतो तो तिच्यात बसून. उद्या ती निघणार होती. बांबू आणि बोरू यांची नाव, पांढऱ्या कागदाचे कंदील, आणि पुढे सोनेरी रंगाचा, लाकडाचा मोठा ट्रॉम्बोन.

तो ट्रॉम्बोन शुन्साकु रंगवत होता. हातावर, कपाळावर सोनेरी ठिपके. जरा पलीकडे सावलीत सेइगोची आई फुमिनो कंदिलांना झिरमिळ्या लावत होती.

"जेली पोचली," इसोए म्हणाली.

शुन्साकु लाजला. "पोचली ना? आत नाही आलो मी. तोंड दाखवायची लाज वाटते, मावशी. तामाकी चावेल."

"तामाकी सगळ्यांनाच चावते. तुला वेगळं काय?" इसोए कडेच्या दगडावर बसली. "शुन्साकु, सेइगोची टेप सापडत नाही."

त्याच्या हातातला ब्रश थांबला. "आत्ताच कळलं? कार्यक्रम तर संध्याकाळी आहे."

"हो. आत्ताच."

तो पुन्हा रंग लावू लागला. "मी आलो तेव्हा होती. मी मागच्या जिन्यात उभा होतो ना, तुमची तालीम चालू होती. सेइगो वाजवत होता. तो श्वास, ती ओळ. मला रडूच आलं. मग तुमचं आटोपलं, त्या नव्या पोरी वाजवायला लागल्या, तेव्हा मी खोकं ठेवलं नि निघालो. म्हणजे गेली असेल ती त्याच्यानंतर. पोरींपैकी कुणी सामान हलवताना..."

"असेल," इसोए म्हणाली.

फुमिनो झिरमिळ्या बाजूला ठेवून आली. बारीक चणीची, ताठ. "इसोएताई, ऊन किती! पाणी तरी घ्या." मग जवळ बसून, हळू आवाजात, जणू शेजारणीची तक्रार सांगावी तशी म्हणाली, "काल दाराशी दिवा लावला हो. त्याच्या आवडीची वांगी केली. पान वाढून बसले. सगळ्यांचे पितर आले, शेजारी हसण्याबोलण्याचे आवाज. आमचा काही आला नाही."

"येईल की."

"आईला कळतं आलं की नाही ते. घर रिकामं होतं." तिने नावेकडे पाहिलं. "उद्या ही निघेल. जो आलाच नाही, तो परत जायला हिच्यात बसेल कसा?"

शुन्साकुने पाठ फिरवली. त्याच्या मानेवर सोनेरी रंगाचा एक थेंब वाळत होता. इसोएने पाणी संपवलं, दोघांना नमस्कार केला आणि ती चढ उतरू लागली.

४

चढाच्या पायऱ्यांवर, अर्ध्या वाटेत, वाकड्या शेपटीचं एक मांजर पायरी अडवून झोपलं होतं. त्याला उठवायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून इसोए वरच्या पायरीवर टेकली. खाली बंदराचं पाणी उन्हात पांढरं झालं होतं. वर कबरींपाशी कुणीतरी एकुलता एक फटाका उडवला आणि त्याचा आवाज डोंगरांमध्ये फिरत राहिला. एकदा मोठा, मग लहान, मग नुसती आठवण.

तुमची तालीम, मग पोरी.

इसोएने डोळे मिटले. शुन्साकु किती सहज बोलला होता ते. खोटं रचणारा माणूस चाचपडतो, शुन्साकु चाचपडला नव्हता. कारण ते त्याने रचलेलंच नव्हतं, ते त्याच्या हाडात होतं. शेवटी वाजवणारे आधी, सुरुवात करणारे नंतर. जन्मात कधी स्टेजवर न चढलेला माणूस असता तर त्याने आधी विचारलं असतं, तालीम कधी होती म्हणून. शुन्साकुला विचारायची गरजच नव्हती. सूर्य कुठे उगवतो ते कुणी विचारतं का?

आणि आजच्याच दिवशी, रोकुरोच्या मंत्रांपायी, सूर्य पश्चिमेला उगवला होता.

मागच्या दाराने तो आत शिरला तेव्हा पोरी वाजवत होत्या. म्हणजे ओमागारीचं आटोपलं, असं त्याने धरलं. टेपचं काम आता थेट संध्याकाळी. म्हणून तर तिने टेपचं सांगितलं तेव्हा तो दचकला, आत्ताच कळलं म्हणून. आणि जिन्यात उभं राहून सेइगोला ऐकल्याचं तो म्हणाला. पण आज सेइगो वाजलाच नव्हता. तामाकीने बटण दाबलं तेव्हा टेप नव्हतीच.

मांजराने डोळे उघडले, जांभई दिली आणि वाट मोकळी केली. पण इसोए खाली न जाता परत वर चढली.

शुन्साकु एकटाच होता. फुमिनो कबरीवर पाणी घालायला गेली होती. इसोएने बरोबर आणलेल्या रुमालातून गिटारची तार काढली, नीट गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"आज रोकुरोला मंत्र म्हणायला जायचं होतं," ती म्हणाली. "म्हणून मी सुलटी तालीम ठेवली होती. पोरी आधी."

यापलीकडे ती एक शब्द बोलली नाही. व्रत मोडलं नाही.

शुन्साकु तिच्याकडे बघत राहिला. मग तो नावेच्या कडेला बसला. "सुलटी," तो म्हणाला, आणि त्याला हसू आलं, आणि हसता हसता तो रडायला लागला. "इतक्या वर्षांत कधी नाही, मावशी. एकदाही नाही."

नावेत, कंदिलांच्या मागे, कापसात गुंडाळलेली टेप एका लाकडी पेटीत होती. कुठे घडी नव्हती, मुरड नव्हती.

"काल फुमिनोकाकू पान वाढून बसल्या होत्या," तो म्हणाला. "मी तिथेच होतो. वांगी गार झाली. मला वाटलं, येणार कुठून? तो तिकडे गोल गोल फिरतोय. श्वास घेतोय, परत श्वास घेतोय. उद्या नावेबरोबर ही जाईल, मग सुटेल तो. तामाकीला मागितली असती तर दिली असती तिने?"

"नसती," इसोए म्हणाली.

"मग मी चोर का?"

इसोएने पेटीचं झाकण लावलं. "तू गिटार कुठे ठेवली आहेस?"

५

दारं उघडायला थोडाच वेळ उरला होता. जिन्यातून आधी इसोए उतरली, तिच्यामागे फुमिनो, आणि सगळ्यांत मागे, खांद्याला गिटार लावून, शुन्साकु. त्याच्या छातीशी पेटी होती.

तामाकीने पेटी पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं. आता ही चावणार असं सगळ्यांनाच वाटलं. पण शुन्साकुने काही सांगायच्या आधी फुमिनो पुढे झाली आणि वाकली.

"माझ्यासाठी केलं त्याने. मला माहीत नव्हतं. पण मीही ती कधी ऐकली नाही, पोरी. ऐकवशील?"

तामाकीच्या ओठांवर आलेलं सगळं तिथेच राहिलं. ती रोकुरोकडे वळली. "महाराज."

"हं."

"चुकले."

"मंत्र म्हणून सोडून देतो," रोकुरो म्हणाला आणि ड्रममागे जाऊन बसला.

तामाकीने टेप यंत्रात घातली, स्टँड बाहेर सरकवून ताण जुळवला, बटण दाबलं. श्वास. तळघरभर, प्रत्येक कोपऱ्यात, एका माणसाचा आत घेतलेला श्वास. मग ट्रॉम्बोनची ती ओळ, चढत, वळत, उतरायला आलेली. आणि पुन्हा श्वास.

फुमिनो हात जोडून ऐकत होती. दुसऱ्या फेऱ्याला तिच्या कपाळावर आठी पडली.

"हे पुरं का नाही होत?"

"ठेक्याच्या मापात बसेना," तामाकी म्हणाली. "शेवटचा सूर लांब होता. मी कापला."

"कापलास?" फुमिनोचा आवाज मऊच होता. "अगं, तो शेवट त्याला लहानपणापासून यायचा. बंदरावरून घरी येताना चढावर शीळ घालत यायचा तो. हा शेवटचा सूर आला की मी ताट घ्यायची. म्हणजे दाराशी आला असं." आणि तिने तो गुणगुणला. एकच सूर, खाली घसरत येणारा, टेकणारा.

चिगुसाने ट्रॉम्बोन उचलला.

लोक आत आले. पोरींचं झालं. मग ओमागारी स्टेजवर आली, आणि तिच्याबरोबर शुन्साकु. पहिल्याच गाण्यात टाळ्यांच्या जागी गिटारचा चट्-चट् तोडा पडला, तेव्हा लोकांचे टाळीला उठलेले हात हवेतच राहिले, आणि मग सगळं तळघर एकदम उड्या मारू लागलं. रोकुरोच्या टकलावरून घाम निथळत होता. तामाकी ओरडत होती, गात होती, बेसच्या घुमाऱ्याने काउंटरवरचे पेले सरकत होते. इसोए त्यांना हाताने धरून उभी होती.

शेवटी सगळे थांबले. फक्त टेप सुरू राहिली. श्वास, ओळ, श्वास, ओळ. तळघर पाण्याखाली गेल्यासारखं झालं. चिगुसा डोळे मिटून वाट बघत होती. ओळ वर गेली, वळली, उतरायला आली, आणि नेमक्या त्या क्षणी तामाकीने यंत्र बंद केलं.

चिगुसाने सूर लावला. लांब, कुठल्याच मापात न बसणारा, चढ चढून आलेल्या माणसासारखा दमलेला नि खूश. तो खाली घसरत आला, आला, आणि टेकला.

तामाकीने कात्रीने टेप कापली. ती आता माळ नव्हती, दोन टोकांची साधी पट्टी होती. ती पेटीत ठेवून तिने पेटी शुन्साकुकडे दिली. "उद्या नावेत ठेव. आणि परवा तालमीला ये. उलटी आहे."

इसोए फुमिनोपाशी गेली. म्हातारी रडत असेल म्हणून तिने रुमाल आणला होता. पण फुमिनोने चपला शोधल्या, पिशवी काखेत मारली आणि जिन्याकडे वळली.

"बसा की, फुमिनोताई. थोडी करी तरी खा."

"नको हो," फुमिनो घाईघाईने म्हणाली. "तो घरी पोचायच्या आत मला वांगी गरम करायला हवीत."